साबळे युजीनला ८:३१, बर्मिंगहॅमला ८:११. तीन आठवड्यांत वीस सेकंद कुठून आले?

पहाटेचा_राउंड

नमस्कार मंडळी. मी भरतीवाला पोरगा, नगरकडच्या कर्जतजवळ एका अकॅडमीत राहतो. माझा विषय सोळाशे मीटर आणि गोळा, पण रात्री मेसमध्ये बोलणं चालतं ते अविनाश साबळेचं, म्हणजे तीन हजार मीटर स्टीपलचेसचं, अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ती शर्यत. आष्टी तालुका आम्हाला लागूनच, त्यामुळं मांडव्याचा माणूस म्हणजे घरचाच.

परवा पोरांनी मोबाईलवर त्याच्या दोन फायनल पाठोपाठ लावल्या. पहिली अमेरिकेतल्या युजीनची, २०२२ ची जागतिक स्पर्धा, आपल्याकडं १९ जुलैची सकाळ. साबळे अकरावा, वेळ ८:३१.७५. दुसरी बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल फायनल, ६ ऑगस्ट. तिथं ८:११.२०, रौप्य, राष्ट्रीय विक्रम. सुवर्णवाला केनियाचा अब्राहम किबिवॉट ८:११.१५. मधे पुरते तीन आठवडे पण नाहीत.

आता वाद असा लागला की युजीनचं सुवर्ण मोरोक्कोच्या एल बक्कालीनं ८:२५.१३ मध्ये मारलं. म्हणजे बर्मिंगहॅमचा साबळे उचलून युजीनला उभा केला तर तो चौदा सेकंदांनी जगज्जेता! एक पोरगा म्हणतो तो त्या दिवशी आजारी असणार. दुसरा म्हणतो आफ्रिकेच्या पोरांनी संगनमत करून शर्यत हळू ठेवली. तिसऱ्याचं म्हणणं, तो कॅमेरावाला मधे आला म्हणून सगळ्यांची लय गेली. (बघितलं नसंल तर बघा, फायनल चालू असताना एक कॅमेरावाला ट्रॅकवर उभा राहून दुसरंच काहीतरी शूट करत होता. पळणारे त्याला वळसा घालून गेले. लय हसलो.)

माझे प्रश्न दोनच. मोठ्या स्पर्धेत लोक मुद्दाम हळू पळतात का? आणि हळू चाललंय हे दिसत असताना साबळे एकटाच पुढं का निघून गेला नाही? आमचे सर म्हणतात पुढं जायला दम लागतो. पण दम होताच की त्याच्यात, तीन आठवड्यांनी दाखवलाच.

जाणकारांनी सांगा. इकडून तिकडून उचललेलं नको.

टायमिंगवाला_पुणे

यात गूढ काही नाही. राष्ट्रकुलात मोरोक्को नाही, इथिओपिया नाही. मोरोक्कोचा एल बक्काली आणि इथिओपियाचा लमेचा गिर्मा दोघेही नव्हते. हे दोघं काढले की शर्यत अर्धी होते. पदक कमी लेखत नाहीये, पण जागतिक फायनल आणि राष्ट्रकुल फायनल एका पारड्यात टाकू नका. बाकी हवा, वारा, ट्रॅक, प्रवासाचा शीण, सगळंच वेगळं असतं. पोरांना सांग भांडू नका, झोपा लवकर.

पाण्यावरचा_पंच

टायमिंगवाले, मोरोक्को-इथिओपिया नव्हते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यानं या पोराच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. एल बक्काली नव्हता म्हणून साबळेचा नंबर वर सरकला, हे ठीक. पण तो नव्हता म्हणून साबळे स्वतः वीस सेकंद जोरात कसा पळाला? घड्याळाला मैदानात कोण हजर आहे ते कळत नसतं.

आणि "मोरोक्को-इथिओपिया नाही" म्हणताना समोर कोण होतं तेही सांगा ना. १९९८ पासून २०१८ पर्यंत राष्ट्रकुलच्या सहाच्या सहा स्पर्धांमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियानं नेलेली. सुवर्ण, रौप्य, कांस्य, दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. बर्मिंगहॅमला त्या रांगेत घुसलेला पहिला माणूस मांडव्याचा.

मी खेळशिक्षक होतो, आता निवृत्त. अजूनही राज्य पातळीच्या स्पर्धांना पंच म्हणून जातो आणि मला नेहमी वॉटर जंपवरच, म्हणजे पाण्याच्या खड्ड्यापाशीच उभं करतात. बाकीचे पंच तिथं यायला कुरकुरतात कारण बूट भिजतात. मला ती जागा आवडते. या शर्यतीत माणूस खरा कसा आहे ते तिथं चार हातांवरून दिसतं.

आधी तुझा पहिला प्रश्न. हो, मुद्दाम हळू पळतात. संगनमत वगैरे काही नसतं. प्रत्येक जण आपापल्या हिशोबानं थांबतो आणि सगळ्यांचे हिशोब जुळले की शर्यत रेंगाळते.

तू पैशाच्या शर्यती बघितल्या असतील, डायमंड लीग. तिथं पेसर असतो. त्याला पहिले काही फेरे ठरलेल्या वेगानं ओढायचे पैसे मिळतात, मग तो बाजूला होतो. हल्ली ट्रॅकच्या आतल्या कडेला दिवे पळतात, तेही वेग दाखवत. साबळेनं २०२२ च्या जूनमध्ये रबातला ८:१२.४८ केलं आणि २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला ८:०९.९१, दोन्ही डायमंड लीगमध्ये. जागतिक स्पर्धेत, ऑलिंपिकमध्ये पेसर नसतो. बंदुकीचा आवाज झाला की पंधरा-सोळा जण एकमेकांकडे बघतात. पुढे जाईल त्याला वारा खावा लागतो, वेग ठरवावा लागतो, आणि मागचे सगळे एसटीच्या मागे सायकल लावल्यासारखे आरामात येतात. मग शेवटच्या फेरीत त्याच्याच अंगावरून निघून जातात.

आता एल बक्कालीच्या जागी उभा राहून विचार कर. त्याला माहीत आहे की शेवटच्या तीनशे मीटरला जगात त्याच्याइतका वेग फार कमी जणांकडे आहे. मग तो पहिल्या दोन हजार मीटरमध्ये स्वतःला कशाला जाळेल? शर्यत जितकी हळू, तितका त्याचा फायदा. साबळेचं बरोबर उलटं. त्याची ताकद सलग ओढण्यात आहे. त्याच २०२२ मध्ये त्यानं ५००० मीटरचा बहादूर प्रसादचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, १३:२५.६५. त्याच्या आधी २०२० ला दिल्लीत अर्ध मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत. हा लांबचा गडी आहे. हिशोब केलास तर बर्मिंगहॅमला तो किलोमीटरला साधारण २:४४ च्या वेगानं पळाला, युजीनला २:५१ नं. २:५१ मध्ये समोरचा कुणी दमतच नाही! सगळे ताजेतवाने शेवटच्या फेरीच्या घंटेपर्यंत येतात आणि मग ती तीन हजाराची शर्यत राहत नाही, दीड हजारवाल्याच्या शेवटच्या फेरीची होते.

खरं वाटत नसेल तर २०२५ ची टोकियोची जागतिक फायनल बघ. न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश जिंकला, वेळ ८:३३.८८. पुन्हा वाच. युजीनला अकरावा आलेला साबळे त्यापेक्षा दोन सेकंदांनी जोरात पळाला होता. आणि हा बीमिश कोण? २०२४ चा इनडोअर १५०० मीटरचा जगज्जेता. एल बक्कालीला त्यानं अगदी रेषेजवळ गाठलं, ०.०७ सेकंदानं. याच बीमिशला प्राथमिक फेरीत पडल्यावर दुसऱ्याच्या बुटाचा पाय तोंडावर बसला होता. उठला, पळाला, फायनलला आला.

दुसरं उदाहरण गिर्माचं. ७:५२.११, जगातला आजवरचा सर्वांत वेगवान स्टीपलचेसर. २००४ पासून कुणी न मोडलेला सैफ सईद शाहीनचा विक्रम त्यानं २०२३ ला पॅरिसमध्ये मोडला. त्याच्याकडे ऑलिंपिक किंवा जागतिक सुवर्ण किती? एकही नाही. दोहाच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, केनियाच्या कॉन्सेस्लस किप्रुतोपेक्षा ०.०१ सेकंद मागे. टोकियो ऑलिंपिकला रौप्य. युजीनला रौप्य. २०२३ च्या बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. पॅरिस ऑलिंपिकला शेवटच्या फेरीत अडथळ्यावर पडला आणि स्ट्रेचरवरून न्यावा लागला. मग तुमच्या मेसमधला हिशोब लावायचा तर ही सगळी सुवर्णं गिर्माची व्हायला हवी होती.

आता दुसरा प्रश्न, पुढे का निघून गेला नाही. इथं नुसत्या दमाचा विषय नाही, अडथळ्यांचाही आहे, आणि इथंच मला बोलायचंय.

हर्डल्सचा अडथळा धक्का लागला की पडतो. स्टीपलचेसचा पडत नाही. ऐंशी ते शंभर किलोचं धूड असतं ते. आमच्याकडे मुलींच्या शर्यतीनंतर मुलांसाठी ७६.२ वरून ९१.४ सेंटिमीटरवर चढवायचा असतो तेव्हा चार पोरं लागतात, आणि तरी एखाद्याचं बोट चेमटतंच. वर साधारण पाच इंच रुंद, चौकोनी लाकडी तुळई. गुडघा आपटला तर गुडघाच जातो, तुळई जागची हलत नाही. असे २८ आणि वर सात वेळा पाणी.

घोळका दाट असला की पुढच्याच्या पाठीमुळे अडथळा दिसत नाही. समोरचा उडाला की कळतं, आला. तोवर दोन पावलं उरलेली. मग पाऊल आखूड करा, लांब करा, काहीतरी जमवा. आमच्या भाषेत पाय चुकला. प्रत्येक वेळी पाय चुकला की थोडा वेग जातो आणि तो परत आणायला श्वास जातो. जोरदार शर्यतीत माणसं माळेसारखी पांगतात, समोर जागा मोकळी असते, अडथळा लांबून दिसतो. म्हणजे हळू शर्यत साबळेला दोनदा महाग पडते. मागच्यांना दमवता येत नाही, आणि घोळक्यात त्याची लय मोडते.

यावर उपाय पुढे राहण्याचा, तू म्हणतोस तोच. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत, १ ऑक्टोबर २०२३ ला, त्यानं तेच केलं. सुरुवातीपासून पुढे, मागे वळून पाहायची गरज नाही, ८:१९.५० मध्ये स्पर्धा विक्रमासह सुवर्ण. या प्रकारात आशियाई सुवर्ण आणणारा पहिला भारतीय पुरुष. पण तिथं मागे जपानी होते, गिर्मा नव्हता. आशियात पुढे जाऊन दमवता येतं. युजीनला पुढे गेला असता तर मागच्या दहा जणांना फुकटचा पेसर मिळाला असता.

बर्मिंगहॅमला हा प्रश्नच आला नाही, कारण पेसरचं काम केनियानं केलं. तिघे होते. किबिवॉट, आमोस सेरेम आणि किप्रुतो, तोच आधीचा ऑलिंपिक विजेता. तिघांनी मिळून शर्यत ओढली. त्यांच्या देशाची ती जुनी पद्धत, जोर लावायचा आणि परक्याला गळायला लावायचं. इथं परका गळला नाही, उलट त्याला हवी तशीच शर्यत ताटात वाढून मिळाली! किप्रुतो मागे पडला. शेवटी सेरेम मागे पडला, कांस्य ८:१६.८३. आणि सरळ मार्गावर किबिवॉट एकटा उरला. ०.०५ सेकंद म्हणजे त्या वेगाला साधारण दीड वीत.

कॅमेरावाल्याचं सोडून द्या. तो गंमत म्हणून ठीक आहे.

माणदेशी_ताई

पंच सरांचं बरंचसं पटलं, पण एक बाजू सुटते आहे असं वाटतं म्हणून लिहिते. मी मुलींना शिकवते, दहिवडीकडे.

सर, हळू शर्यतीमुळे साबळे मागे पडला असं तुम्ही म्हणता. मग पॅरिस ऑलिंपिकचं काय करायचं? ७ ऑगस्ट २०२४ ची फायनल अजिबात हळू नव्हती. एल बक्काली ८:०६.०५, अमेरिकेचा केनेथ रूक्स ८:०६.४१, किबिवॉट ८:०६.४७. साबळे ८:१४.१८. नंबर? अकरावा. युजीनला ८:३१ मध्ये अकरावा, पॅरिसला ८:१४ मध्ये अकरावा. तो सतरा सेकंदांनी जोरात पळाला आणि त्याची जागा एक पाऊलही हलली नाही. मग दोष शर्यतीच्या वेगाला कसा द्यायचा?

मला वाटतं मुळात तो या प्रकारात उशिरा आला. महार रेजिमेंटचा जवान, सियाचीनला नोकरी केलेला, मग सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून पुढे आला आणि अमरीश कुमार सरांनी त्याला २०१७ च्या सुमाराला स्टीपलचेसकडे वळवलं. म्हणजे वय बावीस-तेवीस. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला ८:२९.८० पळून गोपाळ सैनींचा १९८१ चा विक्रम मोडला. दम तयार होता म्हणून एवढ्या लवकर जमलं. पण केनियात पोरं शाळेपासून या अडथळ्यांवरून उड्या मारतात, ती सवय नंतर कुठून आणणार?

आमच्या माणचंच बघा. मोहीची ललिता बाबर. मॅरेथॉनमधून इकडे आली आणि २०१६ ला रिओच्या फायनलमध्ये दहावी. प्राथमिक फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम, फायनलमध्ये मात्र त्याहून कमी वेगानं. दोघंही लांब पल्ल्याचे, दोघंही दमदार, दोघंही उशिरा आलेले. मी मुलींना ललिताची शर्यत दाखवते तेव्हा आवर्जून सांगते की तिचा दम बघा, जिद्द बघा, पण अडथळा ओलांडायची पद्धत लहानपणीच शिका. आपल्याकडे या खेळात माणूस तेविसाव्या वर्षी सापडतो. हा खरा घोटाळा आहे.

टायमिंगवाला_पुणे

ताईंनी पॅरिस काढून बरं केलं. मी तेच म्हणत होतो, समोर माणसं कोण आहेत ते महत्त्वाचं.

पाण्यावरचा_पंच

नाही हो, तुम्ही ते म्हणत नव्हता. असो.

ताई, मुद्दा चोख आहे. पण माझ्या मते ते दोन अकरावे नंबर एकसारखे नाहीत.

पॅरिसची शर्यत त्याच्या पद्धतीची होती, हे खरं. पण हव्या तशा शर्यतीतही हवी ती वेळ आधी पायांत असायला लागते. त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ ८:०९.९१, महिनाभर आधी त्याच शहरात केलेली. ती त्यानं फायनलला जशीच्या तशी पुन्हा केली असती तरी कांस्य ८:०६.४७ ला गेलं. म्हणजे तिथं तो साडेतीन सेकंदांनी कमी होता आणि त्याला दुसरं कुठलंही कारण नाही. युजीनला तसं नव्हतं. तिथं पहिल्या तिघांच्या वेळा त्याला झोपेत जमणाऱ्या होत्या, पण त्या कशा काढल्या गेल्या ते त्याला जमणारं नव्हतं. पॅरिसला तो वेगात कमी पडला आणि युजीनला शेवटच्या फेरीत. दोन वेगळी दुखणी आहेत, औषधही वेगळं लागतं.

रूक्सचं उदाहरण तुमच्या मुलींना जरूर दाखवा. शेवटच्या घंटेला हा मागून थेट पुढे आला आणि सगळ्यांना पळवत सुटला. त्याआधी त्याच्या नावावर ८:१५ च्या आतली वेळ नव्हती. कुणी त्याला पदकाच्या यादीत धरलं नव्हतं. त्यानं स्वतःला पाहिजे तिथून शर्यत सुरू केली. एल बक्कालीनं त्याला गाठलं ते अगदी शेवटी.

आता पद्धतीचं. इथं मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे, उलट तुम्ही सौम्य बोललात. मी वॉटर जंपवर उभा असतो म्हणून सांगतो. खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याच्या पायथ्याशी सर्वांत खोल आणि पुढे उतार वर येत येत ट्रॅकला मिळतो. म्हणजे जितकं लांब उडाल तितकं कमी पाणी. चांगला गडी एक पाय तुळईवर ठेवतो, पण त्यावर उभा राहत नाही. गुडघा वाकलेलाच ठेवून अंग पुढे काढतो आणि मग मागे ढकलतो. उतरताना एक पाय घोट्याइतक्या पाण्यात, दुसरा थेट कोरड्यात. आमची पोरं तुळईवर चढतात, क्षणभर उभी राहतात, खाली बघतात, आणि दोन्ही पायांनी धप्पकन गुडघाभर पाण्यात. अंगावर पाणी उडालं म्हणून प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मी मनात म्हणतो, गेला एक सेकंद. गुणिले सात.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला केनियाचा आमोस बिवॉट तो अख्खा खड्डाच पार करायचा, पाय ओला न करता. लोक हसले होते म्हणे. सुवर्ण घेऊन गेला. तिथून पुढे केनिया ज्या ज्या ऑलिंपिकला उतरला तिथं २०१६ पर्यंत हे सुवर्ण त्यांचंच. मधली दोन गेली कारण १९७६ आणि १९८० ला त्यांनी बहिष्कार घातला होता. टोकियोला एल बक्कालीनं ती साखळी तोडली.

तर आपला पोरगा बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा खरं पाणी बघतो, त्यात नवल नाही. मी ज्या जिल्ह्यात नोकरी केली तिथल्या मैदानावर खड्डा होता, पण त्यात पाणी कधीच नव्हतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी टँकर मागवायचा, सकाळपर्यंत अर्धं पाणी जमिनीत. एका वर्षी तर त्यात गवत कापून टाकलेलं होतं.

एक गोष्ट मात्र साबळेच्या बाजूनं राहू द्या. घोळक्यात काय होतं ते त्यानं सर्वांत वाईट रीतीनं दोहाला भोगलंय, २०१९ ला. प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडापडीत तो अडकला, एका अडथळ्यापाशी जवळजवळ थांबावं लागलं. तरी ८:२५.२३, राष्ट्रीय विक्रम. भारताच्या संघानं तक्रार केली, पंचांनी चित्रण बघितलं आणि त्याला फायनलमध्ये घेतलं. तिथं त्यानं ८:२१.३७ केलं आणि ऑलिंपिकची पात्रता मिळवली. दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकला प्राथमिक फेरीत ८:१८.१२ पळूनही बाहेर, आणि दुसऱ्या गटात त्याच्यापेक्षा हळू पळून पहिले आलेले आत. आता तर नियमच बदललाय, प्रत्येक गटातले पहिले पाच, घड्याळाकडे बघायचंच नाही. बुडापेस्टला त्यात तो सातवा आला आणि घरी. पॅरिसला पाचवा आला, बरोबर शेवटच्या जागेवर, म्हणून ऑलिंपिकच्या या फायनलमध्ये उतरलेला पहिला भारतीय पुरुष झाला. ज्या माणसानं राष्ट्रीय विक्रम इतक्या वेळा मोडला त्याला घड्याळ चालतच नाही अशा नियमात पळावं लागतं, हे त्याचं नशीब.

पहाटेचा_राउंड

सर, ताई, लय उपकार. तुमचा मेसेज मेसमध्ये मोठ्यानं वाचला. संगनमतवाला पोरगा अजून ऐकत नाही, तो म्हणतो मग सगळ्यांनी मिळूनच हळू केलं ना, म्हणजे संगनमतच. त्याला सोडा.

आमच्यात एक सोळा वर्षांचं पोरगं आहे, भरतीला वेळ आहे त्याला. कॅनॉलच्या भिंतीवरून उड्या मारत पळतं, थकत नाही. त्याला हे शिकवायचं तर आमच्याकडं ना अडथळा ना खड्डा. सुरुवात कशी करायची? आणि साबळे आता परत कधी पळणार?

माणदेशी_ताई

कॅनॉलवर नको. आधी ते बंद कर.

पाण्यावरचा_पंच

ताईंचं पहिलं ऐक.

साबळे २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोला वॉटर जंपवरच पडला, गुडघ्याचं अस्थिबंध फाटलं, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्याआधी मे महिन्यात कोरियात गुमीला आशियाई अजिंक्यपद ८:२०.९२ मध्ये जिंकून आला होता, धो धो पावसाच्या दिवशी. अशा गुडघ्याला घाई चालत नाही. एवढ्यावरून त्या पोराला सांग की पाण्याचा खेळ शेवटी, सुरुवातीला नाही.

सुरुवात अशी करा. गावातल्या सुताराकडून गुडघ्याच्या वर येईल एवढी लाकडी चौकट बनवून घ्या, खाली आडवे पाय द्या म्हणजे डुलणार नाही. शाळेचे बाक वापरू नका, ते सरकतात आणि पोरगं तोंडावर पडतं. दोन चौकटी पुरेत. आधी चालत ओलांडायचं, मग हळू पळत. बहुतेकांचा एकच पाय पुढे येतो, उजवा तर उजवाच. पहिले दोन महिने फक्त दुसरा पाय पुढे टाकायला लावा. घोळक्यात कुठला पाय येईल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे दोन्ही यायलाच पाहिजेत. मागचा पाय आडवा काढायचा, गुडघा काखेकडे. खालून ओढून आणला तर नडगी तुळईवर.

पाण्याच्या उडीसाठी लांब उडीचा वाळूचा खड्डा वापरा. कडेला ती चौकट पक्की रोवा, पाय ठेवून पुढे झेप, एका पायावर उतरून तसंच पळत बाहेर. दोन्ही पाय एकदम वाळूत आले की ती उडी धरायची नाही, पुन्हा.

आणि त्याच्याबरोबर अजून तीन-चार पोरं पळवा, अगदी चिकटून, पुढे-मागे. एकट्याला मोकळ्या जागेत चौकट ओलांडता आली म्हणजे काहीच झालेलं नाही. पुढच्याच्या पाठीकडे बघत ओलांडता यायला हवी. ज्याच्या पाठीमागे तो पळेल त्या पोराला सांगून ठेव की मधेच वेग कमी कर, न सांगता.

उन्हाळ्यात पुण्यात स्पर्धा असली तर त्याला बालेवाडीला घेऊन ये, पाण्याजवळ उभा करतो. येताना जुने बूट घाला.